डोकं दुखत नाही, पण नजरेसमोर चमचमती रेघ फिरते: पाठवायचं कुणाकडे?

चष्मेवाला_परभणी
नमस्कार मंडळी. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करतो. 18 ते 25 वयाची पोरं-पोरी, बरीचशी क्लासवाली, एकच तक्रार घेऊन येतात. वाचता वाचता मधली अक्षरं गायब झाली, मग चमचमणारी वाकडीतिकडी रेघ पसरत गेली, अर्ध्या तासात सगळं साफ. डोकं अजिबात दुखलं नाही. तपासावं तर 6/6, म्हणजे नजर पूर्ण ठीक. नंबर बदलून उपयोग नाही हे कळतं, पण पुढं डोळ्याच्या डॉक्टरकडं पाठवू की मेंदूच्या? आणि दुकानात काय विचारलं म्हणजे घाईचा पेशंट निसटणार नाही?

नेत्रविकार_नांदेड
दादा, पहिला प्रश्न हा: त्या वेळी एकेक डोळा झाकून बघितला होता का? बहुतेकांनी बघितलेला नसतो. ‘उजव्या डोळ्यात’ म्हणणाऱ्याला पुष्कळदा दोन्ही डोळ्यांच्या उजव्या अर्ध्या भागात दिसत असतं. कुठलाही डोळा झाकला तरी रेघ तिथंच आणि डोळे मिटले तरी दिसते, तर उगम मेंदूच्या मागच्या भागात आहे, म्हणजे बहुधा डोकं न दुखणारं मायग्रेन (अर्धशिशी).

एकाच डोळ्याला होत असेल तर मायग्रेनचं नाव लगेच घेऊ नका. कडेला क्षणभर वीज चमकते, काळे ठिपके अचानक वाढले, बाजूनं सावली सरकत आली, यातलं काहीही असलं तर त्याच दिवशी बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा तपासायला पाठवा. मोठा मायनस नंबर किंवा डोळ्याला चेंडू लागलेला असेल तर जास्तच सावध राहा. थेंब टाकल्यावर काही तास धूसर दिसतं, म्हणून स्वतः गाडी चालवत जाऊ नको असं आधीच सांगा.

आणखी एक, जे फार सुटतं. वाकलं किंवा उठलं की काही सेकंद दोन्ही डोळ्यांपुढं अंधारी येते, विशेषतः वजन वाढलेल्या मुलींना. उठतानाचं बीपी उतरल्यानंही होतं, पण डोक्यातला दाब वाढून डोळ्याच्या नसेला सूज आलेली असू शकते. मुरुमांसाठी डॉक्सीसायक्लिन, मिनोसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइन चालू आहे का, ते जरूर विचारा.

मेंदू_मज्जा_संभाजीनगर
नेत्रविकार सरांचं बरोबर. मी घड्याळाचं सांगतो. मायग्रेनचा ऑरा, म्हणजे ही चमचमती रेघ आणि न दिसणारा डाग, हळूहळू, निदान 5 मिनिटं घेऊन पसरतो आणि 5 ते 60 मिनिटांत संपतो. रेघ बहुधा नजरेच्या मध्याजवळ सुरू होते, किल्ल्याच्या तटासारखी कंगोरेदार होत कडेकडं जाते आणि मागं न दिसणारा डाग सोडते. 1941 मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशले यांनी स्वतःच्याच ऑराची चित्रं काढून हिशेब मांडला की ही गडबड मेंदूच्या पृष्ठभागावर मिनिटाला सुमारे 3 मिमी सरकत असावी. 1944 मध्ये ब्राझीलचे संशोधक लेआओ (Leão) यांना सशाच्या मेंदूत तशीच संथ लाट सापडली. नजरेच्या मध्यासाठी मेंदूत जागा भरपूर, कडेसाठी थोडी. म्हणून लाटेचा वेग तोच असला तरी रेघ कडेला जाताना मोठी आणि वेगवान वाटते.

पेशंटला कोरा कागद द्या. मध्ये ठिपका, पुढच्या वेळी त्यावर नजर रोखून दर 5 मिनिटांनी रेघेची कड काढायची, शेजारी वेळ लिहायची. असा कागद हातात असला की आमचं निम्मं निदान तिथंच होतं.

रंगीत गोल ठिपके येऊन सेकंदांत किंवा दोन-तीन मिनिटांत संपत असतील आणि वरचेवर येत असतील, तर फिटचा संशय धरावा लागतो. चमक काहीच नाही, एकदम काळं झालं, तर रक्तपुरवठा थांबल्याची शंका. वय कमी म्हणून सोडू नका, लहानपणी संधिवाताच्या तापानं हृदयाची झडप बिघडलेले पेशंट आपल्याकडं आहेत. एकदम तोंड वाकडं, हात-पाय लुळा, बोलणं अडखळलं, तर 108. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं. एरवी पहिल्याच वेळी आलेल्या प्रत्येकाची एकदा डोळ्याचा पडदा, बीपी आणि नसांची तपासणी व्हावी. नेहमीच्याच नमुन्याचा ऑरा आणि तपासणी ठीक असेल तर प्रत्येकाला एमआरआय लागत नाही.

चष्मेवाला_परभणी
लई उपयोगी, सर. पोरं मेडिकलवरून गोळी घेऊन मोकळी होतात, त्याचं काय?

औषधशास्त्र_लातूर
भाऊ, दुखतच नाही तर वेदनाशामक कशाला? ऑरा त्यानं थांबत नाही, ट्रिप्टान ही मायग्रेनच्या दुखण्यावरची गोळीही त्यासाठी नाही. गाडीवर असेल तर बाजूला थांबावं आणि नजर पूर्ण साफ होईपर्यंत निघू नये, कारण न दिसणाऱ्या डागात समोरचा ट्रॅक्टरही लपतो. जागरण, उपाशीपोट, उन्हात पाणी न पिणं, हे वहीत टिपून ठेवावं. उपवास असला तरी पाणी आणि वेळेवर फराळ सोडू नये.

मुलींना मात्र हे विचाराच: पाळीसाठी, पीसीओडीसाठी किंवा गर्भनिरोधनासाठी गोळी चालू आहे का? माला-एनसारख्या गोळीत इथिनिल इस्ट्राडिऑल, म्हणजे एक प्रकारचं इस्ट्रोजेन संप्रेरक असतं. ऑरा असलेल्या मायग्रेनला डोकं दुखो न दुखो, अशी गोळी जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत चौथ्या, म्हणजे ‘वापरू नये’ गटात आहे, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. सिगारेट असली तर आणखी. दुकानात बिचकतील, तेव्हा चिठ्ठीवर ‘ऑरा, गोळी विचारावी’ एवढं लिहून द्या. तांबीसारखे इस्ट्रोजेन नसलेले पर्याय त्यांना डॉक्टर सांगतील.