सरहद्दीच्या गावातल्या स्तंभावर नावं कोणाची कोरायची?

भाकरीवालीची_नात
नमस्कार मंडळी. माहेर बार्शी तालुक्यात, तेव्हाच्या निजाम हद्दीला चिकटून. आता जुळे सोलापूरला राहते. गावात हैदराबाद मुक्तिलढ्याचा स्तंभ उभा राहतोय, १७ सप्टेंबरला अनावरण. जाणती मंडळी म्हणतात, ज्यांना स्वातंत्र्यसैनिकांची सन्मान पेन्शन मिळाली तेवढीच नावं घ्या, मागाहून भांडण नको.

मला हे अजिबात पटत नाही. १९४७-४८ ला आमच्या बाजूला निजामाविरुद्ध लढणारी पोरं कॅम्प टाकून होती, रात्री हद्द ओलांडून करोडगिरीची, म्हणजे निजामाच्या जकातीची, नाकी जाळायची. त्यांच्या भाकरी आमच्या घरी व्हायच्या. आजी सांगायची, पहाटेच चुली पेटायच्या. थापून भाजलेली प्रत्येक भाकरी पूर्ण निवली का, हे ती हाताची पाठ लावून बघायची. गरम बांधली की घाम सुटून बुरशी धरते. मग धोतराच्या फडक्यात गठडी, मधे शेंगाचटणीची पुरचुंडी, आणि सगळं कडब्याच्या गाडीत पेंढ्यांखाली. पलीकडून जीव घेऊन आलेल्या बायाबापड्याही तिथंच असायच्या.

पेन्शनला तुरुंगवास (किमान ६ महिने, बायकांना ३), भूमिगत राहणं किंवा कॅम्पात असणं, यातलं काहीतरी कागदावर दाखवावं लागायचं. आजी तुरुंगात गेलीच नाही. तिचा कागद कुठून आणू? नावं ठरवायची कशी?

चार_पुतळ्याजवळचा
ताई, पेन्शनचे नियम सरकारी तिजोरीसाठी होते, गावानं त्यात का अडकावं? आपल्या सोलापुरातच बघा. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेलेल्या धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे आणि सारडा या चौघांची नावं शाळेत आमच्याकडून पाठ करून घेतली. पण ८ मे १९३० च्या गोळीबारात पडलेला शंकर शिवदारे किती जणांना ठाऊक आहे? फाशीला खटल्याचे कागद असतात, रस्त्यावर पडलेल्याला नसतात.
दोन वेगवेगळ्या घरांतून एकच गोष्ट निघाली की ग्रामसभेत ठराव घ्या, नाव कोरा.

नळदुर्ग_रोड
एक विनंती. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताची फौज सोलापूरहून आमच्या नळदुर्गवर आली, चार दिवसांत निजाम शरण गेला. रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांनी, मारलेल्या गावकऱ्यांची नावं घ्याच. पण त्यानंतर ज्या मुसलमानांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता, तेही मारले गेले. केंद्र सरकारनं पाहणीला पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं मेलेल्यांचा संस्थानभरातला अंदाज २७ ते ४० हजारांचा दिला, आणि सर्वांत वाईट हाल झालेल्या जिल्ह्यांत आमचा उस्मानाबाद (आताचा धाराशिव) होता. त्यांच्यासाठीही एक ओळ असू द्या. गावात यावरून कुरकुर होईल, तरी.

भाकरीवालीची_नात
दादा, कडब्याची ती गाडी हाकायचे आमच्या गावातले मुलाणी. त्यांचंही नाव यादीत नाही, हे तुमचं वाचून लक्षात आलं. त्यांची सून अजून गावातच आहे. रविवारी आधी तिच्याकडे जाते, मग आजीच्या जावेच्या घरी. दोन्हीकडचं लिहून ग्रामसभेपुढं ठेवते. ओळीचंही बोलेन. बार्शीकडच्या कुणाच्या घरी कॅम्पवरच्या चिठ्ठ्या, शिधा दिल्याची वही असं काही असेल तर इथं कळवा.