पीएलएची बोटं गरम पाण्यात वळतात, पण पंजा मिटत नाही

रबरी_पंजा: सॉफ्ट ग्रिपरसाठी (वस्तू पकडणारा मऊ पंजा) थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकची चार बोटं छापली. लांबी 60 मिमी, रुंदी 8, जाडी 1. नोझल 210 अंश, बेड (छपाईचा पाट) 60 अंश, थर 0.2 मिमी, इन्फिल (आतला भराव) 100 टक्के, बाकी स्लायसरचं (मॉडेलचे थर पाडणारं सॉफ्टवेअर) जसंच्या तसं. 80 अंशांच्या पाण्यात टाकली की दोन बोटं पीळ घेतात, दोन जेमतेम वाकतात. आत कशी वळवायची? आणि हेच तंत्र स्टेंटसाठी (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) चालेल का?

नोझल_चार: गडबड त्या ‘जसंच्या तसं’मध्येच आहे. छापताना धागा ओढला जातो आणि त्या ताणातच गोठतो. पाण्यात 60 अंशांच्या वर गेला की ताण सुटतो आणि धागा स्वतःच्या लांबीत आखडतो. स्लायसर एकाआड एक थर +45, −45 अंशांच्या तिरक्या दिशेत घालतो. मग ओढ एकमेकींत जिरते आणि उरलेला असमतोल पिळात दिसतो.

थर 0.1 करा, म्हणजे दहा थर होतील. खालचे पाच आडवे, वरचे पाच लांबीला समांतर. बोट समांतर थरांच्या बाजूला वळेल. पातळ थरात धागा जास्त ताणला जातो, म्हणून 0.2 नको. वेग 70 मिमी/सेकंद, नोझल 195–200. बेड 60 वर असेल तर एवढ्या पातळ पट्टीतला ताण छापतानाच सुटू लागतो. 35–40 ठेवा, चिकटायला ग्लू स्टिक लावा.

प्रिव्ह्यूमध्ये एकेक थर बघाच. काही स्लायसर 100 टक्के इन्फिल दिलं की सगळे थर ‘ठोस’ धरतात आणि तुम्ही दिलेल्या इन्फिलच्या दिशेकडे ढुंकूनही बघत नाहीत. तिथे ठोस थरांची दिशा वेगळी द्यावी लागते. भिंती, म्हणजे थराच्या कडेच्या रेषा, शून्य करा. त्या कडेनं लांबीतच धावतात आणि आडवे थरही आखडवतात.

थर_शून्य_एक: भिंत शून्य केली तर कडेचे धागे सुटतात. एक भिंत ठेवा, वळण थोडं कमी मिळेल, चालतं. पट्टी पाण्यात आडवी, एकदम बुडवा; उभी सोडली तर आधी बुडलेलं टोक आधी वळतं.

हे वळण एकतर्फी आहे. पुन्हा उघडायचं तर 70 अंशांना मऊ करून सपाट दाबा आणि 40 च्या खाली येईपर्यंत दाब सोडू नका. पुढच्या वेळी गरम केलं की परत वळेल. पण 100 अंशांच्या आसपास बराच वेळ ठेवू नका, पीएलए स्फटिकरूप होऊन कडक होतो. अशी सपाट केलेली बोटं मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवरही आपोआप मिटू शकतात!

स्टेंटला हा फिलामेंट (प्रिंटरचा प्लास्टिक धागा) नको. शरीर 37 अंशांवर, त्यामुळे साधा पीएलए आत ढिम्म हलणार नाही. पीईजीसारखा (पॉलिइथिलिन ग्लायकॉल) मऊकारक मिसळून संक्रमण तापमान, म्हणजे प्लास्टिक मऊ व्हायला लागतं ते तापमान, खाली आणता येतं, पण ताकदही जाते. शिवाय छंदाच्या फिलामेंटमध्ये रंग आणि इतर काय काय मिसळलंय, हे रिळावर लिहिलेलं नसतं. ऑटोक्लेव्हचा (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करणारं यंत्र) तर विचारच नको: 121 अंशांना वस्तू निर्जंतुक होण्याआधीच आकार बदलून बसते. त्यासाठी इथिलिन ऑक्साइडसारखी कमी तापमानाची पद्धत लागते.

रबरी_पंजा: थर 0.1 करून प्रिव्ह्यू पाहिला. दहाच्या दहा थर ±45 होते, दिलेली दिशा कुठेच लागलेली नाही.