निसर्गछायाचित्रणावर घर चालू शकते का?

घाटमाथा_नाशिक यांची विचारणा

मी नाशिकमधील एका कारखान्यात आरेखन विभागात नोकरी करतो. गेली काही वर्षे सुट्टी मिळाली की कॅमेरा घेऊन अकोले, इगतपुरी आणि बागलाण या तालुक्यांत जात आलो आहे. कळसूबाई, रतनगडाचे नेढे, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, सांधण दरी आणि पावसाळ्याआधीच्या काजव्यांनी लगडलेली भंडारदऱ्याची झाडे अशी चांगली छायाचित्रे आता माझ्याकडे साठली आहेत. कॅमेरा फुल फ्रेम, 24 मेगापिक्सेलचा आहे. वर्षभर घरखर्च भागेल एवढी बचत आहे, पत्नीची नोकरी आहे आणि मुलगी तिसरीत आहे.

नोकरी सोडून पूर्ण वेळ निसर्गछायाचित्रण करावे असे मनात येते, परंतु ओळखीतले सर्व व्यावसायिक छायाचित्रकार लग्नसमारंभांवर जगतात आणि मला तिकडे जायचे नाही. केवळ निसर्गाच्या छायाचित्रांवर महाराष्ट्रात कोणी पोट भरते का, आणि भरत असेल तर पैसे नेमके कोण देते? दुसरे असे की, भंडारदऱ्याजवळील एका विश्रामगृहाच्या मालकांनी माझी पंधरा छायाचित्रे त्यांच्या संकेतस्थळासाठी मागितली असून ‘खाली तुमचे नाव देऊ’ एवढाच मोबदला सांगितला आहे. त्यांना काय उत्तर द्यावे?

चौकट_आणि_काच यांचे उत्तर

पैसे कोण देते हा आपला प्रश्न योग्य आहे, कारण बहुतेक जण ‘माझी छायाचित्रे किती चांगली आहेत’ येथून सुरुवात करतात आणि ती कोणाला हवी आहेत या प्रश्नापर्यंत पोहोचतच नाहीत. माझ्या अनुभवात निसर्गाचे छायाचित्र विकत घेणारा माणूस रसिक असतोच असे नाही. त्याच्याकडे एक रिकामी भिंत असते आणि ती भरण्याचे काम त्याने अंतर्गत सजावटकाराकडे सोपवलेले असते. त्यामुळे माझे खरे ग्राहक पुण्या-मुंबईचे सजावटकार आणि वास्तुविशारद आहेत. त्यांच्यामार्फत रुग्णालये, बँकांची कार्यालये, हॉटेले आणि मोठे फ्लॅट माझ्यापर्यंत येतात.

या लोकांची निवड आपल्या समूहांवर वाहवा मिळवणाऱ्या छायाचित्रांपेक्षा फार वेगळी असते, हे आधीच लक्षात घ्यावे. पेटलेले आकाश आणि गडद केशरी सूर्यास्त त्यांना नको असतात, कारण त्यापुढे सोफा आणि पडदे फिके पडतात. धुक्यात एकामागे एक विरत गेलेल्या डोंगररांगा, भाताच्या खाचरांचा एकसंध हिरवा, ढगाळ दिवसाचे पाणी, अशी शांत आणि आडवी चित्रे ते निवडतात, आणि एकाच प्रकाशात घेतलेली तीन चित्रे मिळाली तर एकट्या उत्कृष्ट चित्रापेक्षा ती आधी उचलतात. रुग्णालयांना वादळी आभाळ आणि खोल कडे चालत नाहीत. कोकणकड्याचे माझे एक छायाचित्र प्रदर्शनात सर्वांना आवडले, पण ते टांगायला कोणतेही रुग्णालय तयार झाले नाही, आणि खिडकीतून खाली बघायला घाबरणाऱ्या रुग्णाचा विचार केला तर त्यांचे बरोबरच आहे.

आकाराचे गणितही सांगून ठेवतो. आपल्या कॅमेऱ्याचे चित्र 6000 बाय 4000 पिक्सेलचे असते. ते 36 इंच रुंद छापले तर इंचाला साधारण 166 पिक्सेल येतात, आणि पाच-सहा फुटांवरून पाहणाऱ्याला ते पुरेसे आहेत. पण हॉटेलच्या दालनासाठी दहा फुटी पट्टी मागितली गेली तर एका चित्रावर भागत नाही. तेथे कॅमेरा उभा धरून, प्रत्येक चित्राचा सुमारे तिसरा हिस्सा पुढच्या चित्रावर येईल अशा बेताने ओळीने चित्रे घ्यावी लागतात आणि नंतर जोडावी लागतात. चांगल्या जागी पोहोचल्यावर असा एक संच घेऊन ठेवण्याची सवय लावावी, कारण मागणी आल्यावर तोच प्रकाश परत मिळत नाही.

छपाई आम्लरहित सुती कागदावर, टिकाऊ रंगद्रव्याच्या शाईने करून घ्यावी. मुंबई आणि कोकणातील बाहेरच्या भिंतींना पावसाळ्यात ओल येते. अशा भिंतीला चौकट सपाट चिकटली की कागदाच्या मागून बुरशी चढते. चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांत बुचाचे छोटे तुकडे चिकटवले की भिंत आणि चित्र यांत हवा खेळती राहते. ही किरकोळ बाब वाटेल, परंतु दुसऱ्या वर्षी चित्रावर डाग दिसले की सजावटकार तक्रार करत नाही, तो पुन्हा फोन करत नाही एवढेच.

दाणेदार यांचे उत्तर

आपण विचारलेले नाही, तरी स्टॉक संस्थांबद्दल, म्हणजे अनेकांची छायाचित्रे इंटरनेटवर वापरासाठी विकणाऱ्या कंपन्यांबद्दल लिहितो, कारण पुढचा विचार बहुधा तोच असेल. शटरस्टॉकवर छायाचित्रकाराचा वाटा विक्रीनुसार 15 ते 40 टक्के असतो आणि दर 1 जानेवारीला सगळे पुन्हा तळाच्या पायरीवर येतात. अडोबी स्टॉकवर छायाचित्रासाठी 33 टक्के मिळतात. ऐकायला हे बरे वाटते, पण वर्गणीदाराने उतरवलेल्या एका चित्राचे मोल अनेकदा काही सेंटच असते. अमेरिकी संस्थांकडे डब्ल्यू-8बेन हा, आपण अमेरिकेचे करदाते नाही असे सांगणारा अर्ज वेळेवर भरावा. तो नसल्यास अमेरिकेतील विक्रीच्या मानधनावर 30 टक्के कर कापला जाऊ शकतो, आणि अर्ज भरल्यास भारताशी असलेल्या कर-करारामुळे तो 15 टक्क्यांवर येतो.

ढगांतून उगवणारा सूर्य किंवा निनावी धबधबा आता संगणकही काही क्षणांत तयार करून देतो, त्यामुळे तशा चित्रांना फारसे भविष्य दिसत नाही. ठिकाणाची नेमकी ओळख असलेल्या छायाचित्राचे मात्र तसे नाही. जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या 12 किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी 11 महाराष्ट्रात आहेत आणि साल्हेर तर आपल्याच बागलाणात आहे. प्रकाशक, पर्यटन कंपन्या आणि मासिके यांना तो किल्ला ओळखू येईल असे, कोणत्या बाजूने आणि कोणत्या ऋतूत घेतले याची नोंद असलेले छायाचित्र हवे असते. प्रत्येक चित्राबरोबर गावाचे, वाटेचे आणि महिन्याचे नाव मराठीत व इंग्रजीत लिहून ठेवावे. कंटाळवाणे काम आहे, पण शोधणाऱ्याला चित्र सापडते ते त्यामुळेच.

कलम_एकोणीस यांचे उत्तर

विश्रामगृहाच्या प्रश्नाबद्दल लिहितो. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, 1957 प्रमाणे आपण स्वतःच्या इच्छेने काढलेल्या छायाचित्राचे पहिले मालक आपणच असता आणि ते प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षे संरक्षण मिळते. मात्र कलम 17 मधील एक अपवाद फार थोड्या छायाचित्रकारांना माहीत असतो. कोणी मोबदला देऊन, त्याच्या सांगण्यावरून छायाचित्र काढून घेतले असेल आणि उलट करार झालेला नसेल, तर पहिला मालक काम देणारा ठरतो. म्हणजे आपली आधी काढलेली पंधरा छायाचित्रे आपली आहेत, पण उद्या त्याच मालकांनी पैसे देऊन ‘आमच्या तळ्याची पाच काढून द्या’ म्हटले आणि कागद झाला नाही, तर ती पाच त्यांची होतील. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी निदान ईमेलवर तरी हक्क आपल्याकडे राहतील हे लिहून त्यांची संमती घ्यावी, आणि रक्कम मोठी असल्यास सह्यांचा करार करावा.

वापराची परवानगीही लेखीच असावी. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षांची धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर संपूर्ण भारत.

ड्रोन वापरणार असाल तर ड्रोन नियम, 2021 वाचावेत. 250 ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही, 250 ग्रॅम ते 2 किलोपर्यंतच्या ड्रोनला ते हौसेसाठी लागत नाही, पण व्यवसायासाठी लागते. आपण फिरता त्यातील बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो आणि तेथे वनखात्याची परवानगी हा स्वतंत्र विषय आहे. हौशी पर्यटक म्हणून आजवर कोणी हटकले नसेल, पण ग्राहकासाठी काम करताना परवानगीचा कागद खिशात हवा.

रानवाट यांचे उत्तर

मी थोडे विरुद्ध बोलणार आहे. नोकरी आत्ता सोडू नये. अॅन्सेल अॅडम्स यांच्यासारख्या मातब्बर अमेरिकी निसर्गछायाचित्रकारानेही तेथील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातील पर्यटन कंपनीसाठी जाहिरातीची छायाचित्रे काढली आणि कोडॅकची कामे केली. 1902 मध्ये जन्मलेल्या अॅडम्स यांच्या प्रिंटना मोठी मागणी आली ती 1970 च्या दशकात. आपल्याकडे हिमालयाच्या छायाचित्रांसाठी ओळखले जाणारे अशोक दिलवाली यांच्यामागेही दिल्लीच्या कनॉट प्लेसमधील छायाचित्रणाचा स्टुडिओ होता. डोंगरांना वेळ देता यावा म्हणून पोटापाण्याचे दुसरे काम करणे यात कमीपणा कसला, हे मला कधीच कळले नाही. लग्नांना नकार देणे हा आपला अधिकार आहे, परंतु नाशिकच्या परिसरातील द्राक्षमळे, वाइनरी, कृषी पर्यटन केंद्रे आणि औद्योगिक वसाहती यांनाही छायाचित्रे लागतात, आणि पहाटेचा प्रकाश ओळखणाऱ्या माणसाला ती इतरांपेक्षा चांगली जमतात.

कॅलेंडरचेही पाहावे. कंपन्या साधारण दसऱ्याच्या आसपास ती ठरवून टाकतात. त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरात फुललेली कारवी किंवा कासच्या पठारावरील फुले आपण घरी येऊन नीटनेटकी करेपर्यंत त्या वर्षाची संधी गेलेली असते आणि ती पुढच्या वर्षाच्या खात्यात जमा होतात. या धंद्यात पैसा असाच उशिरा येतो, आणि वर्षभराची बचत हे आपले बळ मला म्हणूनच अपुरे वाटते. एक पूर्ण ऋतुचक्र नोकरीत राहून सजावटकारांना भेटावे, प्रिंट विकाव्यात, आणि येणाऱ्या रकमेतून छपाई, चौकट, पेट्रोल आणि कॅमेऱ्याची घसारा-रक्कम वजा करून काय उरते ते पाहावे.

कार्यशाळांचा मोह सर्वांना होतो. लोकांना रात्री कड्यावर नेणार असाल तर ती सहल ठरते आणि राज्याच्या साहसी पर्यटन धोरणानुसार नोंदणी, प्रथमोपचार आणि विमा या सगळ्याची जबाबदारी आपल्यावर येते. शिकवण्याची खरी आवड असेल तरच त्यात पडावे.

घाटमाथा_नाशिक यांचे उत्तर

सर्वांचे आभार. नोकरी आत्ता सोडत नाही. माझ्या संग्रहातील बरीचशी चित्रे ‘पेटलेल्या आकाशा’ची आहेत हे चौकट_आणि_काच यांचे लिखाण वाचून लक्षात आले, आणि धुक्याची म्हणून बाजूला टाकलेली चित्रे पुन्हा काढून पाहतो आहे. विश्रामगृहाच्या मालकांचा पुन्हा निरोप आला आहे. ते म्हणतात की पैसे शक्य नाहीत, पण पावसाळ्यात खोली देऊ. हे स्वीकारावे का?

कलम_एकोणीस यांचे उत्तर

खोलीला आपल्यासाठी किंमत असेल तर जरूर स्वीकारावे. भंडारदऱ्यात पावसाळ्यातील शनिवार-रविवारी खोली मिळणे सोपे नसते आणि आपल्याला पहाटे तेथे असण्याची गरजच आहे. मात्र किती रात्री आणि कोणत्या महिन्यांत हे आधी ठरवून घ्यावे, नाहीतर गर्दीच्या प्रत्येक आठवड्यात ‘या वेळी जमत नाही’ असेच ऐकावे लागेल. पंधरा छायाचित्रांऐवजी सहा द्यावीत, लांबची बाजू 2000 पिक्सेलच्या आत ठेवावी, आणि ईमेलमध्ये इतके लिहून त्यांची लेखी संमती मागावी: ‘ही सहा छायाचित्रे आपल्या संकेतस्थळासाठी व समाजमाध्यमांवरील आपल्याच खात्यांसाठी दोन वर्षे वापरण्याची परवानगी देत आहे. छापील वापर, तिसऱ्या व्यक्तीस देणे आणि बदल करणे यांचा यात समावेश नाही. मुक्कामात मी स्वतःसाठी काढलेल्या छायाचित्रांचे सर्व हक्क माझ्याकडे राहतील.’ शेवटचे वाक्य गाळू नये, कारण उद्या कोणी खोली हाच मोबदला होता असा दावा केला तर त्याच वाक्यावर आपली बाजू उभी राहील.