पावसाळी गटारीत भर उन्हाळ्यात पाणी कोठून येते?

उंटवाडीकर:
आमच्या गल्लीच्या टोकाला नाशिकच्या नासर्डी नदीत उतरणारा पावसाळी गटारीचा पाइप आहे. होळीपासून पावसाचा थेंब नाही, तरी त्यातून मनगटाएवढी राखाडी धार अखंड वाहते आणि सकाळी आठच्या सुमारास तिच्यावर साबणाचा फेस दिसतो. भुयारी गटार वेगळी असताना हे पाणी येते कोठून, आणि महापालिकेने त्याचे काय करणे अपेक्षित आहे?

जुना ओव्हरसीअर:
उत्तर त्या फेसातच आहे. भुयारी गटारीतले मैलापाणी तपोवन, आगरटाकळी यांसारख्या शुद्धीकरण केंद्रांकडे जाते. पावसाळी गटार मात्र कोठेही शुद्ध न होता सरळ नाल्यात आणि तेथून गोदावरीत रिकामी होते. त्यामुळे एखाद्या इमारतीची मोरी चुकून, किंवा चार पैसे वाचवण्यासाठी (आणि बहुधा हेच), जवळच्या पावसाळी चेंबरला जोडली गेली, की केंद्र कितीही उत्तम चालले तरी ते पाणी त्याच्या हाती लागतच नाही.

शोध घेण्याची रीत साधी आहे. नदीकडून वर एकेक चेंबर उघडत जायचे. पहिले कोरडे चेंबर लागले की जोड त्याच्या आणि आधीच्या ओल्या चेंबरच्या दरम्यान असतो. मग संशयित मोरीत रंग ओतून तो ओल्या चेंबरमध्ये उतरतो का, याची खात्री करायची. हे काम विभागीय कार्यालयाच्या कर्मचाऱ्यांकडूनच करून घ्यावे, कारण चेंबरमधील वायू जीवघेणा असतो.

नाल्याच्या तोंडाशी बांध घालून धार मलवाहिकेत वळवणे हा तात्पुरताच इलाज आहे, कारण पहिल्या मोठ्या सरीत पाणी बांधावरून नदीत जाते.

पंचवटीतून:
उलटा प्रकारही पाहावा. पाऊस सुरू होताच आवारातले पाणी काढण्यासाठी लोक भुयारी गटारीचे झाकण उचलतात, वाहिनी तुडुंब भरते आणि खालच्या वस्तीत मैला उसळून रस्त्यावर येतो. त्यापेक्षा छतावरचे पाणी जिरवावे. ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांना तशी सक्तीच आहे. येथून सुटलेले पाणी पुढे नांदूरमध्यमेश्वरला, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेलेल्या पाणथळीत पोहोचते.

उंटवाडीकर:
आज कर्मचारी आले होते. चौथे चेंबर ओले, पाचवे कोरडे. मधे दोनच इमारती आहेत, त्यांतली एक आमची. सोमवारी रंग टाकणार आहेत.