मुलाची जुनी पोकेमॉन कार्डं विकायची आहेत, मदत हवी आहे

अंगणवेल:

न्यू जर्सीतल्या एडिसनचं घर एप्रिलपर्यंत रिकामं करून आम्ही दोघं लहान अपार्टमेंटमध्ये जातोय. बेसमेंटमधून आत्तापर्यंत दोन पाटे (वरवंटा एकच), मखराचा थर्माकोल आणि मुलाची पोकेमॉनची कार्डं निघाली. थर्माकोल टाकला. पाट्यांचं बघते काय ते. प्रश्न कार्डांचा आहे.

मुलगा १९९९ मध्ये आठ वर्षांचा होता. त्याचा अख्खा वर्ग या कार्डांत बुडालेला, शेवटी शाळेने ती दप्तरात आणायलाच बंदी घातली. रविवारी मराठी शाळेला कुरकुर न करता गेला तर अकरा कार्डांचं एक पाकीट, असा आमचा करार होता. म्हणजे हा संग्रह बाराखडीच्या जिवावर उभा राहिलाय. आता तो सिअ‍ॅटलला असतो. फोनवर म्हणाला, "आई, तूच विक, अर्धे पैसे तुझे." लगेच दुसरा फोन, की चारिझार्डचं एक कार्ड २०२२ साली ४,२०,००० डॉलरला गेलंय, तेव्हा घाई करू नकोस!

कार्डं दोन हजारांच्या वर आहेत. नऊ खिशांच्या पानांची एक फाइल, बाकी बुटांच्या खोक्यांत. फाइलमध्ये चमकणारी साठेक. चारिझार्ड आहे, खाली ४/१०२ (संचातला क्रमांक) लिहिलंय, कडा पांढऱ्या पडल्यात. ब्लास्टॉइज, व्हीनसॉर आहेत. मशॅम्प ८/१०२ वर पहिल्या आवृत्तीचा गोल शिक्का आहे, त्यावर माझी बरीच भिस्त आहे.

काल जवळच्या दुकानात सगळं घेऊन गेले. तिथल्या मुलाने फाइल भराभर चाळली, खोक्यांत डोकावलासुद्धा नाही आणि म्हणाला ९०० डॉलर, आत्ता, रोख. मी "यांना विचारून सांगते" म्हणून निघून आले. (यांना यातलं काही कळत नाही, पण हे वाक्य कुठेही चालतं.)

९०० घेऊन मोकळं व्हावं की एकेक विकावं? प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून गुण देतात म्हणे, ते करावं का? वेळ आहे, पण रोज पोस्टात खेपा घालायची हौस नाही.

नाना_जर्सीवाले:

ताई, नऊशे घेऊ नका, पण दुकानदारावर चिडूही नका. त्याला भाडं भरायचं असतं, माल महिनोन्‌महिने पडून राहतो. बाजारभावाच्या निम्म्याच्या आसपास रोख देतात, दुकानातच खर्च करणार असाल तर थोडं जास्त. फक्त एकरकमी आकडा स्वीकारायचा नाही. "कुठल्या कार्डाचे किती धरलेत?" एवढंच विचारा. बहुतेक वेळा वीस-पंचवीस कार्डांचे पैसे धरलेले असतात आणि बाकीची फुकटात जातात.

भाव बघायचा तर ईबेवर (ऑनलाइन खरेदी-विक्रीची साइट) विकून झालेल्या वस्तूंची चाळणी लावा. मागितलेली किंमत बघून हुरळू नका, मागायला कोणी तीस हजारही मागतं.

कागदी_वाघ:

काकू, आधी वाईट बातमी. तो मशॅम्प दोन खेळाडूंच्या सुरुवातीच्या खोक्यात यायचा आणि त्यावर शिक्का असायचाच. घरोघरी आहे. भिस्त काढून घ्या.

चारिझार्डच्या चित्राच्या चौकटीला उजव्या बाजूला सावली आहे का? सावली नसेल तर तो आधीच्या छपाईचा, किंमत कितीतरी जास्त. सावली असेल, शिक्का नसेल, तर नेहमीचा. तरीही विकला जाईल, काही शे डॉलर कुठे गेले नाहीत. मुलाच्या चार लाखांचं कार्ड पहिल्या आवृत्तीचं आणि पीएसए या गुण देणाऱ्या कंपनीचे दहापैकी दहा गुण मिळालेलं होतं. पांढऱ्या कडांना तिथे जागा नाही.

आता चित्राखाली उजवीकडची चिन्हं बघा. फूल म्हणजे जंगल संच, हाडांचा पंजा म्हणजे फॉसिल, इंग्रजी आर म्हणजे टीम रॉकेट. चिन्ह नाही तो मूळ संच. पण एखाद्या चमकणाऱ्या कार्डावर चिन्ह नाही आणि खाली मात्र /६४ लिहिलंय, असं सापडलं तर बाजूला ठेवा. ती जंगल संचातली छपाईची चूक आहे, लोक शोधत असतात.

गुणांकनाला कार्डामागे फी धरा, वर जाण्या-येण्याचा विमा, आणि दोन-चार महिने विसरून जायचं. आठच्या खाली गुण मिळतील अशा कार्डाला बहुधा ते पैसे वसूल होत नाहीत. दिव्याखाली तिरकं धरून ओरखडे बघा. पाठीमागचे फोटो टाकाल का?

अंगणवेल:

चौकटीला सावली आहे. मशॅम्पचं दुःख गिळलं.

पाठीमागचं सांगायला लाज वाटते. तेव्हा कार्डं हरवायची म्हणून मीच त्याला चांगल्यांतल्या चांगल्या कार्डांवर काळ्या पेनाने आद्याक्षरं घालायला लावली होती. डब्यावर, स्वेटरवर घालतो तशी. चौदा कार्डं आहेत, त्यात ब्लास्टॉइज. दुकानातल्या मुलाने बहुतेक तेच पाहिलं असणार. नेलपॉलिश रिमूव्हरने निघेल का?

कागदी_वाघ:

नको! हात लावू नका! रसायनाने कार्डाचा तजेला जातो आणि मग ते छेडछाड केलेलं ठरतं. आद्याक्षरांसकट, फोटोत स्पष्ट दाखवून विका. फाइल पूर्ण करायला स्वस्त प्रत शोधणारे असतातच.

चिंच_बोर:

अवांतर: नव्वदच्या दशकात च्युइंगमबरोबर मिळणारी क्रिकेटची कार्डं माझ्याकडे डबाभर आहेत. कोणी घेईल का?

नाना_जर्सीवाले:

चिंच_बोर, त्याला वेगळा धागा काढा, इथे काकूंची गाडी रुळावर आहे.

ताई, पोस्टाच्या खेपा टाळायच्या तर असं करा. चारिझार्ड आणि वरची आठ-दहा कार्डं ईबेवर एकेक. त्यांची फी तेरा टक्क्यांच्या आसपास धरून किंमत ठरवा. ७५० डॉलरच्या वर काही गेलं तर सहीची पोच लागते. एरवी ट्रॅकिंग नंबर, कडक प्लॅस्टिकचं कव्हर आणि दोन पुठ्ठे एवढं पुरे. उरलेली चमकणारी संचवार गठ्ठे करून. जंगलचा एक, फॉसिलचा एक. खोक्यांतली साधी कार्डं शनिवार-रविवारी हॉटेलच्या हॉलमध्ये कार्डांचे बाजार भरतात तिथे न्या. तिथले विक्रेते चांगल्या कार्डाला दुकानापेक्षा बरा भाव देतात, मला सत्तर टक्क्यांपर्यंत मिळालाय. दुपारी तीननंतर जा, तेव्हा टेबलं आवरायची घाई असते आणि खोकी उचलायला लोक तयार असतात.

एक तळटीप: नफ्यावर कर आहे. वर्षापेक्षा जास्त ठेवलेल्या संग्राह्य वस्तूंना कमाल २८ टक्के. तुमच्या सीपीएला, म्हणजे इथल्या सीएला, विचारा. पाकिटाच्या पावत्या असतील असं वाटत नाही.

अंगणवेल:

पावत्या नाहीत, मराठी शाळेची हजेरीपुस्तिका आहे, चालेल का?

खोकी परत तपासली. फूल नसलेलं, /६४ लिहिलेलं चमकणारं एक सापडलं, स्नॉरलॅक्स, ११/६४. पाठ कोरी आहे, देवाची कृपा. मुलाला फोटो पाठवला तर म्हणतो, "ते नको विकूस आई, माझं आवडतं आहे." म्हणजे यादीतून एक गेलं.

चारिझार्ड रविवारी संध्याकाळी ईबेवर टाकतेय. फोटो दिवसाउजेडी काढावेत की दिव्याखाली?