टाकी साफ होणार, माशांचं काय? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

सचिव (ए-५०२): सर्व सभासदांस कळविण्यात येते की शनिवारी वरच्या दोन्ही टाक्या धुण्याचे काम आहे. सकाळी ९ ते दुपारी ४ पाणी बंद. टाक्या ब्लिचिंग पावडरने धुतल्या जातील. त्यानंतर टँकरचे पाणी चढवले जाईल. सुरुवातीचे पाणी थोडे वाहू द्यावे.

मुग्धा (बी-३०२): काका, आमच्याकडे फिशटँक आहे. त्यात लेकीने हट्टाने घेतलेले छोटे कोरी कॅटफिश आहेत. हे पाणी त्यांना चालेल का?

नाना (ए-१०१): कॅटफिश म्हणजे मांगूर ना? त्यावर बंदी आहे. पेपरात येतं, तळीच्या तळी बुजवतात.

अस्मिता (डी-७०३): नाना, बंदी थाई मांगूरवर आहे, तो राक्षस वेगळा. कोरी म्हणजे कोरीडोरस, मूळचा दक्षिण अमेरिकेचा. दोन-अडीच इंचांच्या वर जात नाही. तोंडाला मिशा, अंगावर खवल्यांऐवजी चिलखतासारख्या पट्ट्या. निरुपद्रवी जीव आहे.

मुग्धा, शनिवारी-रविवारी टँकचं पाणी बदलूच नकोस. आज रात्री दोन बादल्या भरून ठेव. पिण्याच्या पाण्यात लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं असं आपलं मानकच सांगतं. आपल्याला ते जाणवतही नाही, पण माशांच्या कल्ल्यांना तेवढंही सोसत नाही. टाकी धुतल्यावर तर विचारूच नकोस. दुकानात अँटी-क्लोरीन मिळतं, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. बाटलीवरच्या प्रमाणात बादलीत घालायचं आणि मग ते पाणी टँकमध्ये. घाई नसेल तर बादलीत एअरस्टोन (पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा दगड) सोडून दिवसभर ठेवलं तरी क्लोरीन उडून जातं.

मुग्धा (बी-३०२): ताई, आणखी एक. ते मधूनच सुसाट वर येतात, तोंड बाहेर काढतात आणि परत तळाशी. गुदमरतायत का?

अस्मिता (डी-७०३): मधूनच येत असतील तर बिनधास्त राहा. कोरी हवा गिळतो आणि आतड्यातून प्राणवायू घेतो. जंगलात उथळ, गढूळ पाण्यात राहायचं म्हणून ही सोय. पण सगळे मिळून सारखे वर येत असतील, कल्ले भराभर हलत असतील, तर पाणी बिघडलंय. टँक कधी लावलात?

मुग्धा (बी-३०२): नुकताच. दुकानदाराने लगेच मासे सोडायला सांगितलं.

अस्मिता (डी-७०३): इथेच गोची होते. नव्या टँकमध्ये घाण पचवणारे जीवाणू नसतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, एक जीवाणू त्याचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. ही साखळी बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर थेंबांचं टेस्ट किट आण. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवं, नायट्रेट लिटरला वीस मिलिग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. अमोनिया दिसला की लगेच पाव टँक पाणी बदल, खाणं निम्म्यावर आण. कुणाच्या जुन्या टँकमधला, हे जीवाणू वसलेला फिल्टरचा स्पंज मिळाला तर तुझ्या फिल्टरमध्ये घाल, काम लवकर होतं. माझ्याकडचा घेऊन जा.

नाना (ए-१०१): आमच्याकडे गोल्डफिश होते तेव्हा दर महिन्याला टँक रिकामा करून साबणाने लख्ख घासायचो. काचेत तोंड दिसायचं. तरी मरायचे. ही म्हणायची नजर लागते.

अस्मिता (डी-७०३): काकूंना सांगा, नजर नव्हे, साबण! टँकमध्ये साबण कधीच नको. आणि स्पंज नळाखाली धुतला की क्लोरीनने जीवाणू मेले, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. टँकमधून काढलेल्या पाण्यातच तो पिळायचा, थोडा मळका राहिला तरी चालतो. दर आठवड्याला पाव ते तृतीयांश पाणी बदलायचं, बस्स.

रोहन (सी-४०४): ताई, कोरी तळाची घाण खातो ना? मी त्यासाठीच घेणार होतो. ऑटोमॅटिक झाडूवाला 😄

अस्मिता (डी-७०३): दुकानदार असंच विकतात. तो विष्ठाही खात नाही आणि शेवाळही साफ करत नाही. वरच्या माशांचं उरलंसुरलं खाऊन त्याचं भागत नाही, बिचारा हळूहळू वाळतो. तळाशी बुडणाऱ्या गोळ्या टाकायच्या, त्याही दिवे मालवल्यावर, म्हणजे बाकीचे हिसकावत नाहीत. एकटा-दुकटाही आणू नकोस. निदान सहा, तेही एकाच जातीचे. एकटा कोरी दिवसभर कोपऱ्यात दडून बसतो.

मुग्धा (बी-३०२): आमच्या तळाला निळे-गुलाबी काचेचे खडे आहेत. चिऊची पसंती 🙈

अस्मिता (डी-७०३): चिऊला सांग, खडे कुंडीत छान दिसतील. कोरी वाळूत नाक खुपसून खातो, वाळू कल्ल्यांतून बाहेर टाकतो. बघायला तीच मजा. खड्यांच्या फटीत खाणं अडकून सडतं. मिशा झिजलेल्या दिसल्या की सगळे धारदार खड्यांना दोष देतात, पण बहुतेक वेळा खरं कारण तळातली ही सड असते. बारीक, गुळगुळीत वाळू घे, चाळून पाणी नितळ येईपर्यंत धू. थर इंचभर पुरे. आणि चिऊला त्यांचे डोळे बघायला सांग, मध्येच डोळा मिचकावल्यासारखे खाली फिरवतात.

कुलकर्णी सर (सी-१०४): थोडी भर घालतो. ठिपक्यांचा पेपर्ड कोरी डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत गोळा केला होता, १८४२ साली जेनिन्स या निसर्गअभ्यासकाने त्याचं वर्णन केलं. तो अर्जेंटिना-उरुग्वेकडचा, थंड पाण्याचा. एप्रिलमधल्या पुण्यात त्याचे हाल होणार. मुग्धा, तुझे कोणते आहेत?

मुग्धा (बी-३०२): पांढरे, डोळ्यावर काळा पट्टा.

कुलकर्णी सर (सी-१०४): म्हणजे पांडा कोरी. पेरू देशातला, अँडीजच्या पायथ्याकडचा. त्यालाही २० ते २५ अंश मानवतं. दुकानातला हीटर आणला असशील तर सध्या तो कपाटात ठेव. पुढे घ्यायचे झाले तर ब्राँझ किंवा स्टर्बाय जातीचे कोरी घे. स्टर्बाय २८ पर्यंत आरामात राहतो.

रोहन (सी-४०४): मग बर्फ टाकायचा?

अस्मिता (डी-७०३): नको. तासाभरात पाणी धाडकन थंड आणि पुन्हा गरम, या झटक्यानेच मासा आजारी पडतो. टँक खिडकीपासून लांब, झाकण उघडं, वर जाळी, आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर. आपल्याकडची एप्रिलची हवा कोरडी, दोन-तीन अंश सहज उतरतात. मुंबईच्या दमटपणात एवढा फरक पडत नाही. गरम पाण्यात प्राणवायूही कमी मावतो, २५ अंशांना लिटरला आठ मिलिग्रॅमच्या वर, ३२ ला सातच्या आसपास. म्हणून एअरपंप रात्रंदिवस चालू. लाइट जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा छोटा पंप घेऊन ठेव.

मुग्धा (बी-३०२): टँकरचं पाणी फार जड असतं, नळावर पांढरं बसतं. त्याऐवजी सरळ आरओचं घालू?

अस्मिता (डी-७०३): निव्वळ आरओ नको. त्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे पीएच कधी कोसळेल सांगता येत नाही. आरओच्या नळीतून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी तर मुळीच नको, ते आणखी जड. निम्मं आरओ, निम्मं साधं. पीएच साडेसहा ते साडेसात असला की पुष्कळ. साडेसात-आठवर स्थिर असेल तरी घाबरू नकोस, रोज औषधं ओतून खाली-वर करण्यापेक्षा स्थिर बरा. मात्र जड पाण्याचा पीएच बहुधा चढा असतो, म्हणून अमोनियावर डोळा ठेव. पीएच सातवरून आठवर गेला की अमोनियाचा विषारी भाग साधारण दहापट होतो.

पंख्याने जे पाणी उडून जातं तेवढं मात्र आरओनेच भर. वाफ होते ती पाण्याची, क्षार टँकमध्येच राहतात. तिथे टँकरचं पाणी भरत राहिलीस तर दर आठवड्याला पाणी जास्तच जड होत जाईल.

नाना (ए-१०१): एवढा व्याप! मूठभर खडेमीठ टाका, सगळे रोग पळतात.

अस्मिता (डी-७०३): गोल्डफिशला चालून जातं, नाना. कोरीला मीठ सोसत नाही. औषधाचंही तेच, आधी पाणी तपासायचं.

रोहन (सी-४०४): आणि समजा नाहीच जमलं तर पाषाण तलावात सोडून द्यायचे?

कुलकर्णी सर (सी-१०४): चुकूनही नाही! उजनीत सकर माशांनी (हेही फिशटँकमधलेच) काय उच्छाद मांडलाय ते मच्छीमारांना विचार. कुणीतरी असेच दया दाखवून सोडलेले. दुकानात परत दे, नाहीतर या ग्रुपवर टाक, कुणीतरी घेईल.

अस्मिता (डी-७०३): आणि पकडताना जाळी वापरू नकोस, रोहन. पंखांचा पुढचा काटा ताठ होऊन जाळीत अडकतो, बोटाला लागला तर चांगला झोंबतो. प्लॅस्टिकचा डबा बरा.

मुग्धा (बी-३०२): ताई, उद्या सातला स्पंज न्यायला येते. चिऊला तुमचा टँक बघायचाय.

अस्मिता (डी-७०३): ये गं. ओल्या पिशवीत टँकचंच पाणी घालून देईन, सुकू देऊ नकोस. लगेच फिल्टरमध्ये घाल.

सचिव (ए-५०२): चर्चा उद्बोधक आहे. पुढच्या वेळेपासून टाकी धुण्याची सूचना तीन दिवस आधी देण्यात येईल. मासेवाल्यांनी बादल्या आज रात्रीच भराव्यात. जिन्यात ठेवू नयेत.