किरणोत्सवाचं मॉडेल करायचं तर त्यात रीत धरायची का?

उत्तरेश्वरकर
कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळाचं थ्रीडी स्कॅन केलं की किरणोत्सवाचं मॉडेल झालं, असं म्हणणारे बरेच आहेत. पटत नाही. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून गरुड मंडप, कासव चौक, पितळी उंबरा ओलांडत गाभाऱ्यात येतात. त्या वेळी दिवे बंद करतात, वाट मोकळी ठेवतात. हे स्कॅनमध्ये कुठं दिसणार?

त्रिज्या
दिवे बंद केल्यानं किरण उठून दिसतो. पोचतो तो भूमितीनं. त्या दिवसांत सूर्य पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला मावळतो. पृथ्वीच्या अक्षाचा कल हजार वर्षांत जेमतेम ०.१३ अंश बदलतो, म्हणजे सूर्यबिंबाचा पाव भाग. आभाळ जवळपास तेच आहे, बदललं ते महाद्वारापुढचं. मावळता सूर्य मिनिटाला साधारण ०.२३ अंश उतरतो. समजा, २०० मीटरवरच्या गच्चीवर मीटरभर उंच टाकी आडवी आली, तर ०.२९ अंश, सव्वा मिनिट गेलं. तेही शेवटचं! सूर्य उतरेल तसा किरण आडवा होत मूर्तीच्या चरणांवरून वर चढतो, त्यामुळं आधी मुकतो तो चेहरा.

उत्तरेश्वरकर
बरोबर, पण ती टाकी हटवा म्हणून ओरड कशामुळं होते? उत्सव आहे म्हणूनच ना. किरण गुडघ्याशी थांबला, लोक हळहळले, मोजणी झाली, अडथळा निघाला, पुढच्या वेळी किरण वर गेला. हे चक्र मॉडेलमध्ये हवं. इमारतींची उंची एकदाच भरून ठेवली तर ते एका दिवसाचं चित्र होईल.

त्रिज्या
चक्र घ्या. पण पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख, हा परंपरेतला क्रम गृहीत धरू नका. नोव्हेंबरात सूर्य रोज दक्षिणेला सरकतो, फेब्रुवारीत उत्तरेला. ९ नोव्हेंबरचा सूर्य जवळपास २ फेब्रुवारीच्या जागी असतो. मग दोन्ही वेळा तोच क्रम नुसत्या भूमितीतून कसा निघेल?

उत्तरेश्वरकर
म्हणून परंपरा खोटी?

त्रिज्या
तसं कुठं म्हटलं? तिला वेगळा रकाना द्या. शेजारी प्रत्येक टप्प्याची वेळ मिनिट-सेकंदात, उजेडाची तीव्रता (लक्स), आर्द्रता लिहा. आणि ढग आलेला दिवस 'अडथळा' या सदरात टाकू नका, नाहीतर बिचाऱ्या शेजारच्या गच्चीवर उगाच खापर फुटेल.

उत्तरेश्वरकर
रकाना मान्य. ओरड कधी झाली, ती तारीखही त्यातच लिहायची.